बास म्हणेपर्यंत

थंडोबांची कामाची एक रीत होती. ती त्यांनी कुठे लिहून टांगली नव्हती, तरी एसीच्या धंद्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ होती. यंत्रात गॅस भरायचा तो हाताने. म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाइपावर थंडोबा उजवा तळहात ठेवून बसणार, गॅसच्या नळीचा व्हॉल्व्ह त्यांच्या सुनेच्या मुठीत असणार आणि दाब दाखवणारे काटे तिच्या डोळ्यांसमोर. पाइप हवा तेवढा गार झाला की थंडोबा "बास" म्हणणार. मग तिने व्हॉल्व्ह आवळायचा, आणि त्यानंतरच काटा वाचून दाखवायचा. त्याआधी काट्याचं नावही काढायचं नाही. "हात आधी, काटा नंतर," असं ते म्हणत, आणि काटा बिचारा दर वेळी मुकाट्याने हाताच्या बाजूने कौल द्यायचा.

नाव थंडोबा असलं तरी माणूस थंड मुळीच नव्हता. एका गिऱ्हाइकाने 'गॅस जरा सढळ हाताने टाका' म्हटलं म्हणून हत्यारं गुंडाळून जिना उतरणारा तो माणूस. त्यांच्यासमोर टिकली ती एकटी सून. लग्नाआधी तिने एसीदुरुस्तीचा कोर्स केला होता, आणि थंडोबांच्या मुलाला गच्चीवर चढलं की गरगरायचं. तेव्हा मुलगा खाली दुकानात सुटे भाग विकायला आणि सून वर सासऱ्यांच्या हाताखाली, अशी वाटणी आपोआप झाली. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी घरात सून नाही आणली, पान्हा आणला."

त्या दुपारी ते दोघं एका रोपांच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर होते. खालच्या मोठ्या खोलीत मांडण्यांवर काचेच्या बाटल्या होत्या, छतापर्यंत. प्रत्येक बाटलीत जेलीसारखा पारदर्शक थर आणि त्यात बोटाच्या पेराएवढं एक हिरवं रोप. पहाटे एसीने मान टाकली होती आणि खोली तापायला लागली होती. दिवे बंद केले, खिडक्यांना पुठ्ठे लावले, तरी उष्मा वाढतच होता. प्रयोगशाळेच्या बाई शिकलेल्या, शांत, हळू आवाजात बोलणाऱ्या. पण हातातला थर्मामीटर त्या सारखा झटकत होत्या, आणि तो झटकायच्या जातीचा नव्हता.

"संध्याकाळपर्यंत खोली गार झाली नाही तर बाटल्यांत बुरशी धरेल," त्या म्हणाल्या होत्या. "मग सगळं फेकावं लागेल. सगळंच."

"आणि कॉम्प्रेसर?" सुनेने विचारलं होतं. "जास्तीचा आहे का एखादा?"

"हाच एक. नवीन मागवला तर यायला कित्येक आठवडे."

"मागवायची वेळ येणार नाही," थंडोबा म्हणाले होते. "माझा शब्द."

शब्द दिला म्हणजे दिला. गळती सापडली होती, एका जोडाला चीर गेली होती. ती जोडून, नायट्रोजनने तपासून, पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढून झाली होती. आता राहिला होता गॅस. किती भरायचा हे एरवी यंत्रावरच्या पत्र्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे वजनकाट्यावर मोजून भरता येतं. पण हा पत्रा उन्हाने कोरा झाला होता, शिवाय खोली हलवताना कोणी तरी पाइप लांबवले होते, तेव्हा पत्र्यावर काही असतं तरी ते खरं ठरलं नसतं. सुनेच्या पिशवीत पाइपाला चिमट्यासारखा लावायचा एक थर्मामीटर होता. त्याने आणि काट्याने मिळून हिशेब बरोबर लागतो, हे तिला कोर्समध्ये शिकवलं होतं. तो थर्मामीटर तिने हौसेने घेतला होता, आणि थंडोबांसमोर तो पिशवीतून बाहेर काढायची तिची कधी छाती झाली नव्हती.

"चष्मा काढ," थंडोबा म्हणाले.

सुनेचे डोळे आले होते. दोन्ही लालभडक, पाणी गळत असलेले. म्हणून तिने नवऱ्याचा मोठा काळा चष्मा लावला होता, आणि गच्चीवर धूळ उडत होती म्हणून ओढणी नाकावरून घट्ट बांधली होती.

"डोळे आलेत बाबा. तुम्हाला लागतील."

"काटा कसा दिसणार तुला त्यातून?"

"दिसतोय चांगला."

"मग ओढणी तरी सोड. चोरासारखी दिसतेस."

"धूळ आहे ना. तुम्ही बसा बरं. बाई खाली वाट बघतायत."

थंडोबा काही तरी पुटपुटले आणि पाइपाशी उकिडवे बसले. वर्षभरात त्यांनी आपल्या रीतीत ही एक भर घातली होती: तिने समोर उभं राहायचं, बाजूला नाही. बाजूला उभी राहिलीस तर सावली पडते म्हणे. ढगाळ दिवशी कसली सावली पडते, असं एकदा तिने विचारलं होतं, तर दोन दिवस ते धड बोलले नव्हते. म्हातारी माणसं, असायची एकेकाची लहर, म्हणून तिने सोडून दिलं. तसंच ते चपलेचं. मध्यंतरी थंडोबा एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असे घरी आले. दुसरी वाटेत कधी निसटली त्याचा त्यांना पत्ता नव्हता. सासूबाई पोट धरून हसल्या. "साखर वाढलीय की वय?" "तुझं तोंड वाढलंय," असं म्हणून ते तसेच अनवाणी चप्पल शोधायला गेले होते. सूनही त्या दिवशी हसली होती.

तिने यंत्र चालू केलं. पंखा फिरला, कॉम्प्रेसर घुमायला लागला. गॅसचा सिलिंडर उलटा करून ठेवला होता, त्यातून वाफ नाही, पातळ, पाण्यासारखा गॅस येणार, तो एकदम सोडायचा नसतो. तिने व्हॉल्व्ह केसभर उघडला. परतीच्या पाइपातला दाब दाखवणारा निळा काटा थरथरला आणि हळूहळू वर सरकू लागला.

थंडोबांनी पाइपावरचं फोमचं आवरण तेवढ्यापुरतं कापून मागे सारलं होतं. उघड्या तांब्यावर त्यांचा तळहात होता. डोळे मात्र पाइपाकडे नव्हते, तिच्याकडे होते. तेही नेहमीचंच.

थोड्या वेळाने जिन्याच्या दारातून बाईंचा आवाज आला. "हवा गार यायला लागली. थोडीशी."

"येणारच," थंडोबा म्हणाले.

पाइपाला घाम फुटला. थेंब जमले, ओघळले, थंडोबांच्या मनगटावरून बाहीत गेले. निळा काटा वर सरकत सरकत त्या जागी आला जिथे तो आला की थंडोबा "बास" म्हणत. सुनेची बोटं व्हॉल्व्हवर आवळायच्या तयारीत आली.

थंडोबा गप्प.

असेल, तिला वाटलं. पाइप लांबवलेले आहेत, थोडा जास्त लागेल. त्यांच्या हाताला कळत असणार. हाताला जे कळतं ते काट्याला कळत नाही, हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आता तिचंच मत झालं होतं.

काटा आणखी सरकला. बाहेर जाणाऱ्या पाइपाचा लाल काटाही चढायला लागला.

ती त्यांच्याकडे बघत होती. ते तिच्याकडे बघत होते, टक लावून, मान जराशी पुढे काढून. कपाळावरची शीर ताठ झालेली. रागावलेत का? काही चुकलं का माझं? व्हॉल्व्ह जास्त उघडला का? तिने तो किंचित आवळला, पण बंद केला नाही. बंद करायचा म्हणजे बास म्हणायचं. आणि बास म्हणायचा मान तिचा नव्हता.

"चष्मा काढ गं," थंडोबा म्हणाले. आवाज एकदम मऊ होता, विनवल्यासारखा. तिला त्या आवाजाचीच भीती वाटली.

"बाबा, काटा..."

"काट्याचं नाव काढू नकोस."

ती गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचा राग येत राहिला तो ह्या गप्प बसण्याचा. कोर्स केलेली, डोकं असलेली बाई, समोर काटा दिसतोय, हातात व्हॉल्व्ह आहे, आणि सासऱ्यांच्या एका वाक्यावर तोंडाला कुलूप. पण त्या घडीला तिला खरंच वाटत होतं की चूक काट्याची असेल. नाही तर तिची. थंडोबांची चूक असू शकते, हा विचारच तिच्या डोक्यात कधी शिरला नव्हता, तर त्या दिवशी कुठून शिरणार?

मग तिने कॉम्प्रेसरकडे पाहिलं. त्याच्या काळ्या टाकीला खालून वर घाम चढत होता. पाइपाला घाम येणं ठीक. कॉम्प्रेसरच्या अंगाला घाम म्हणजे पातळ गॅस तसाच्या तसा आत शिरतोय. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी केलेला असतो, पातळ गॅस त्याला दाबता येत नाही. तो दाबायला जातो आणि स्वतः मोडतो.

घुमण्याचा आवाज बदलला. आतून ठोका आला. मग आणखी एक, मोठा.

तिने व्हॉल्व्ह आवळला आणि झेप घेऊन मेन स्विच पाडला.

पंखा फिरत फिरत थांबला. गच्चीवर एकदम इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावर कोणी तरी शटर ओढत होतं ते ऐकू आलं.

"काय केलंस?" थंडोबा म्हणाले. "मी बास म्हटलं का?"

ते उठायला लागले. गुडघे धरले होते म्हणून त्यांनी डावा हात टेकला, आणि तो टेकला नेमका दुसऱ्या पाइपावर, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या बारीक, तापलेल्या पाइपावर. त्या पाइपाला चुकून बोट लागलं तरी माणूस हात झटकून मागे सरकतो. थंडोबांनी त्याच्यावर भार दिला, सावकाश उभे राहिले, आणि हात तसाच ठेवून तिच्याशी भांडू लागले.

"सांग ना. मी म्हटलं का बास?"

"बाबा, हात."

"काय हात?"

तिने त्यांचं मनगट धरून हात ओढून काढला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता, मधोमध कातडी पांढरी पडली होती. थंडोबांनी त्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तसं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचं सगळं भांडण गळून गेलं.

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"उजवा?"

तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला. तो ओला होता, पाइपाच्या गारव्याने बोटं पांढरीफटक पडली होती. तिने अंगठ्याचं नख त्यांच्या तळव्यात रुतवलं. थंडोबा तिच्या तोंडाकडे, म्हणजे काळ्या चष्म्याकडे आणि ओढणीकडे, बघत राहिले.

"टोचलं का काही?" तिने विचारलं.

"टोचलंस का?"

जिन्याच्या दारात प्रयोगशाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांनी ठोके ऐकले असणार. "बंद का पडलं?" त्यांनी विचारलं. हळू आवाजातच, पण दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती. "कॉम्प्रेसर गेला का?"

"माझी चूक झाली," सून म्हणाली. "व्हॉल्व्ह आवळायला उशीर केला मी. जास्तीचा गॅस काढून घेतो आणि थोडा वेळ त्याला तसाच ठेवतो."

"पण चालेल ना पुन्हा?"

तिला सांगता येईना. गॅस काढता येतो, पण आत काही मोडलं असेल तर ते सुरू केल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि मोडलेलं असेल तर सुरू करून काही उपयोग नव्हता.

"तिची चूक नाही," थंडोबा म्हणाले. "माझी आहे. तुम्ही खाली जा बाई. इथे ऊन आहे."

बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि गेल्या. गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करताना सुनेने त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा धसकाही बसला. हा माणूस कधी चुकत नाही, ह्या भरवशावर तिचं सगळं चाललं होतं.

तिने त्यांचा भाजलेला हात बाटलीतल्या पाण्याखाली धरला. मग रिकामा सिलिंडर जोडला, यंत्रातला जास्तीचा गॅस त्यात ओढायला लावला. कॉम्प्रेसरच्या बुडाशी एक गरम पट्टा असतो, त्याचं बटण वेगळं, तो चालू ठेवला, म्हणजे आत साचलेला पातळ गॅस हळूहळू उडून जाईल. त्याला वेळ लागतो. दोघं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पायाचं आधीपासून. हाताचं ह्या वर्षात. साखरेने होतं म्हणतात. आधी बोटांची टोकं गेली, मग वर चढलं." ते भाजलेल्या हाताकडे बघत होते. "गरम चहाचा पेला हातात धरून बसतो मी, तुझी सासू म्हणते, काय माणूस आहे, चटका बसत नाही. मी म्हणतो, सवय आहे कामाची."

"पण बाबा, वर्षभर तुम्ही बास म्हणत होता. आणि बरोबर म्हणत होता. दर वेळी काटा जागेवर होता. ते कसं?"

थंडोबांनी भाजलेला हात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुझ्याकडे बघून."

"माझ्याकडे?"

"काटा जागेवर आला की तू श्वास धरतेस. खालचा ओठ दाताखाली घेतेस. भुवया अश्शा वर जातात." त्यांनी करून दाखवलं, आणि ते इतकं हुबेहूब होतं की एरवी तिला हसू आलं असतं. "तुला माहीत नाही, पण तुझ्या तोंडावर सगळं उमटतं. मी म्हटलं चला, हात नाही तर नाही. तुझं तोंड बघायचं आणि बास म्हणायचं."

तिने चष्मा काढला. उन्हाने डोळे चुरचुरले आणि पाणी वाहायला लागलं. ते आलेल्या डोळ्यांचं होतं की दुसरं कसलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग ढगाळ दिवशीची ती सावली. समोर उभी राहा, बाजूला नको. चष्मा काढ, ओढणी सोड. वर्षभर तिने ज्या हाताची वाहवा ऐकली होती, जो हात बघून ती स्वतःला कच्ची समजत होती, तो हात वर्षभर काहीच सांगत नव्हता.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. तिला राग आला होता आणि तिने तो लपवला नाही. "खाली त्या बाईंची सगळी रोपं आहेत. मी तोंड बांधलंय म्हणून कॉम्प्रेसर मोडायची वेळ आली. एखादी नळी फुटली असती तुमच्या हाताशी तर? कळलं असतं का तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर तू मला गच्चीवर येऊ दिलं असतंस?"

नसतं येऊ दिलं. सासूबाईंनी तर दारच लावून घेतलं असतं.

सावल्या लांबल्या. बाई एकदा जिन्याच्या दाराशी येऊन काही न विचारता परत गेल्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं, असं दोघांनाही वाटलं. सुनेने कॉम्प्रेसरच्या अंगाला हात लावून पाहिला. कोरडा, कोमट. तिने मेन स्विचवर बोट ठेवलं आणि थंडोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

तिने स्विच वर केला. पंखा फिरला. कॉम्प्रेसर एकदा हादरला, गुरगुरला, आणि दोघंही श्वास रोखून ठोक्याची वाट बघत राहिले. ठोका आला नाही. गुरगुर सपाट होत गेली आणि नेहमीची घुमघुम सुरू झाली.

"सावरला," थंडोबा म्हणाले.

काढताना गॅस लागतो त्याहून कमी करून ठेवला होता, तेव्हा आता परत थोडा भरायचा होता. ते पहिल्यापेक्षा अवघड होतं, कारण आता चुकायला जागाच उरली नव्हती. सून सवयीने व्हॉल्व्हकडे निघाली. थंडोबा तिच्या आधी तिथे पोहोचले. त्यांनी तिच्या पिशवीत हात घातला आणि तो चिमट्याचा थर्मामीटर बाहेर काढला.

"हा तुझ्याकडे आहे हे मला कधीचं ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि त्याची तार ओढून चिमटा पाइपाला लावला. आकडे दिसायची डबी त्यांनी स्वतःजवळ ठेवली. "तू बस पाइपाशी. लाव हात."

"मला नाही कळायचं बाबा."

"मला तरी आईच्या पोटातून कळत होतं का? लाव."

ती उकिडवी बसली. तांब्यावर तळहात ठेवला. तो नुसता कोमट होता. थंडोबांनी व्हॉल्व्ह उघडला असावा, कारण थोड्या वेळाने धातूच्या आत कुठेतरी एक सळसळ जाणवली आणि गारवा आला. आधी पुसट. मग बोटांच्या पेरांत, मग तळव्यात. किती म्हणजे पुरे? तिला काही कळेना. तिने मान वर करून थंडोबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली की समजायचं, ओठ हलले की समजायचं. वर्षभर त्यांनी तिच्याकडून उधार घेतलं होतं, आज एकदा तिने घेतलं तर काय बिघडलं?

थंडोबा तिच्याकडे पाठ करून बसले होते. डबी आणि काटे दोन्ही पोटाशी धरून, घामाने अंगाला चिकटलेला शर्ट तिच्याकडे करून.

"वळा ना बाबा."

"नाही."

"अहो पण कॉम्प्रेसर..."

"हाताकडे बघ. माझ्याकडे काय बघतेस?"

तिला त्यांचा अतोनात राग आला, आणि मायाही आली, दोन्ही एकाच वेळी. तिने डोळे मिटले. पाइप आणखी गार झाला. घाम फुटला, थेंब तिच्या मनगटावरून बाहीत शिरला. गारवा अजून दुखवणारा नव्हता, पण हात काढून घ्यावासा वाटेल इतका होता. ह्याच्या पुढे गेला तर दुखेल. कॉम्प्रेसरची घुमघुम तशीच होती. तिने दुसरा हात त्याच्या अंगाला लावला. कोरडा. परत पाइप. आणखी किंचित. थंडोबांची पाठ हलली नाही.

"बास," ती म्हणाली.

व्हॉल्व्ह आवळल्याचा करकर आवाज आला. मग काही नाही. थंडोबा तसेच पाठमोरे, मान खाली घालून काटा बघत असावेत, मग डबी बघत असावेत, मग परत काटा. खालून बाईंचा आवाज आला की खोली गार होतेय, चांगली गार होतेय, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"काटा सांगा ना," ती म्हणाली. "बाबा. किती आहे?"

थंडोबा वळले. त्यांनी श्वास धरला होता. खालचा ओठ दाताखाली होता आणि भुवया वर चढल्या होत्या.

तिने आकडा विचारला नाही.